कोळसेकाका

आमच्याकडे आले की कोळसेकाका आधी व्हरांड्यातल्या विजेच्या मीटरपाशी थांबायचे, मग घरात यायचे. खुर्चीत टेकता टेकता सांगायचे, "सुमन, कालपासून तुमच्या हीटरनं घमेलंभर कोळसा खाल्ला."

भोपाळमध्ये कारखान्याच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. क्वार्टरच्या विजेचे पैसे नावापुरते कापले जात, त्यामुळे हिवाळ्यात घरोघरी हीटर दिवसभर तापलेले असायचे. पोरं काकांना 'कोयलावाले अंकल' म्हणत. माझे यजमानही चिडायचे, "यांना काय करायचंय?"

काका टर्बाइन बसवायच्या कामासाठी काही वर्षं कोळशावर चालणाऱ्या एका वीजकेंद्राजवळ राहिले होते. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची. काकूंचा दमा तिथलाच. "बटण आपण इथं दाबतो आणि खोकत बसतात तिथली माणसं," असं ते म्हणत. स्वतःच्या घरी अंघोळीचं पाणी ते अंगणात, काळ्या रंगवलेल्या पिंपात उन्हावर तापवत. त्यांचं ऐकून मीही हीटरवरची डाळ आधी भिजवून, झाकण ठेवून शिजवू लागले.

मग काकूंचा दमा फारच वाढला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं. ते सतत चालू ठेवायचं होतं. एका दुपारी मी ताक द्यायला गेले, तर यंत्र बंद आणि काकूंचे ओठ निळसर. मी घाईनं बटण दाबलं. बोलता येऊ लागल्यावर त्या म्हणाल्या, "हे ड्यूटीवर गेले की थोडा वेळ बंद करते. किती वीज खातं ते. यांना सांगू नकोस."

मी सांगितलं. काका कॉटच्या कडेला बसले.

"श्वास कमी घे, असं मी कधी म्हटलं का गं?"

"तसं नाही म्हणालात," काकू म्हणाल्या. "पण रोज ऐकत होते ना."

त्यानंतर काका कुणाच्याही मीटरपाशी थांबले नाहीत.

उन्हाळ्यात काकू गेल्या. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेऊन नागपूरला भावाकडे जायचं ठरवलं. जाण्यापूर्वी त्यांनी ते यंत्र वसाहतीजवळच्या इंद्रपुरीतल्या एका आजारी बाईंना दिलं. मी सोबत होते. बाईंच्या सुनेनं विचारलं, "दिनभर चलाएँगे तो बिजली बहुत लगेगी ना?"

"लगेगी," काका म्हणाले. "फिर भी बंद मत करना. और अम्मा से रोज पूछना, कहीं उन्होंने ही तो बंद नहीं किया."

मग त्या बाईंच्या ओठांकडे बघत ते तिथेच उभे राहिले. मी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे निघाले.