यादीत न आलेली नळी

हॉस्पिटलात सगळे तिला नंबरताई म्हणत. बिलांच्या खोलीत बसून प्रत्येक ऑपरेशनला ठरलेला नंबर द्यायचा, हे तिचं काम. मूत्रविकाराचे डॉक्टर कधी काय करतील याचा नेम नसे. एकदा त्यांनी एका शिंप्याची मूत्रपिंडातून लघवी खाली नेणारी सडलेली मूत्रवाहिनी काढून तिच्या जागी त्याचंच अपेंडिक्स जोडलं. असल्या अचाट ऑपरेशनला नंबर कुठला असणार? ताईनं ‘इतर’चा नंबर टाकला, सोबत दोन पानी खुलासा लिहिला आणि स्वतःवर खूश होऊन डबा उघडला.

जोड भरेपर्यंत आत एक बारीक नळी ठेवली होती. ती सहा आठवड्यांनी काढायची असते. पण ‘इतर’मध्ये सगळं एकत्र धरतात, म्हणून ताईनं नळीचा वेगळा नंबर टाकला नाही. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. मात्र नळी काढायला कुणाला बोलवायचं ती यादी कॉम्प्युटर त्याच नंबरावरून करी. हे तिला ठाऊक होतं, पण त्या दिवशी डोक्यातून पार गेलं. चार वर्षांनी शिंप्याची फाइल पुन्हा टेबलावर आली. नळीवर खडे धरले होते. मूत्रपिंड निकामी झालं, काढून टाकलं. या ऑपरेशनला मात्र साधा नंबर होता.

तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की ती नळी दिसे. फाइलीतला पत्ता काढून ती शिंप्याच्या दुकानी जाऊ लागली. सांगायचं ठरवून जायची आणि भावाच्या पँटी आखूड करायला टाकून परतायची. पँटी घोट्याच्या वर गेल्या, भाऊ वैतागला, तरी तिची जीभ रेटेना.

“ताई, भाऊ अजून उंच होतोय की काय?” एकदा शिंपी हसला. मग उठताना त्यानं कुशीवर हात दाबला. “एकच मूत्रपिंड उरलंय. चूक माझीच. नळी काढायला जायचं मीच विसरलो असणार.”

ताई एकदम बोलून गेली. “तुम्ही नाही विसरलात. तुम्हाला हॉस्पिटलातून बोलावलंच नाही. तिथले नंबर मी टाकते. माझ्यामुळे तुमचं नाव यादीत आलं नाही.”

शिंप्यानं कात्री खाली ठेवली. यानं शिव्या घातल्या तर बरं, असं तिला वाटलं.

“असा मी एकटाच का?” त्यानं विचारलं.

स्वतःच्या अपराधाला कवटाळून बसण्यात हे तिनं कधी तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ‘इतर’च्या सगळ्या फायली उपसल्या. सातव्या फायलीत नळी घातल्याची नोंद होती, काढल्याची नव्हती. ऑपरेशनच्या वेळी त्या मुलीचं वय नऊ, त्याला झाली तीन वर्षं. तिनं फोन लावला.

“कोण बोलतंय?” मुलीनंच उचलला.

“बाळा, तुझ्या कुशीत दुखतं का गं?”

“तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर आईलाही सांगितलं नाही.”

“आईला फोन दे,” ताई म्हणाली. “आत्ता दे.”