दाण्याच्या पुडीतला फोटो

धुळ्यात आमचं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज नुकतंच निघालं होतं आणि मी तिथल्या ऑफिसात क्लार्क होतो. प्रवेश न मिळालेल्या मुलांचे अर्ज मी एकदा रद्दीवाल्याला देऊन टाकले. कपाट मोकळं झालं म्हणून मी खूश होतो.

दोन दिवसांनी गेटसमोरचा दाणेवाला, पुड्यांसाठी रद्दीवाल्याकडून घेतलेला त्याच अर्जांचा गठ्ठा काखेत मारून, थेट माझ्या टेबलापाशी आला. बोलतानाही त्याची बोटं हवेत पुडी वळल्यासारखी हलायची. त्याने वरचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. एका मुलीचा फोटो, खाली घरचा पत्ता, वडलांचं उत्पन्न, जात.

"भाऊ, माले वाचता येत नही, पन फोटू तं दिखस ना!"

"रद्दीच आहे ती," मी म्हणालो.

"दाना खाता खाता मानूस पुडीना कागद वाचसच. ह्या पोरनी पुडी कोना हातमा देऊ? आते मना समोर फाडा."

विनंतीचा सूर नव्हताच. मी फाडत गेलो. एखादा फोटो अख्खा राहिला की तो त्यावर बोट ठेवायचा, "आखो," म्हणजे आणखी फाडा. शेवटचा अर्ज संपल्यावर त्याने माझ्याकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली आणि गेला.

पुढे मी सुचवलं आणि कॉलेजात नियम झाला, की फाडल्याशिवाय एकही अर्ज रद्दीत जाणार नाही. प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये माझी पाठ थोपटली. खिडकीतून दाणेवाला दिसत होता, वर्तमानपत्राच्या पुड्या वळताना.

मी पाठ थोपटून घेतली.