गाडी उठेपर्यंत

आता तशी गाडी दिसत नाही आणि तिच्यासाठी जीव टाकणारा तसा मिस्त्रीही. किल्ली फिरवली की पळत सुटणाऱ्या गाड्यांबद्दल ‘थांबा मिस्त्री’ला कधीच आदर नव्हता. त्याच्या लेखी गाडी एकच, साहेबांची. फ्रान्सहून आलेली, लांब नाकाची, काळीभोर. साहेब मोठ्या कंपनीतून निवृत्त झाले, डोक्यावरचे केस गेले, मागेपुढे करणारी माणसं गेली, पण गाडी काही त्यांनी सोडली नाही. आणि मिस्त्रीने साहेबांना सोडलं नाही. रविवारची सकाळ म्हणजे बॉनेट उघडं, कठड्यावर चहाचे दोन कप आणि दोघांची डोकी इंजिनात.

त्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. त्यांच्या जागी तेल आणि गॅस भरलेले लोखंडी गोळे होते. बंद करून ठेवली की तेलाचा दाब हळूहळू उतरायचा आणि गाडी जमिनीला पोट टेकून बसायची. चालू केली की गाय उठते तशी उठायची, आधी मागून, मग पुढून. पुरती उठेपर्यंत तिला हलवायचं नाही, हा नियम. कुणी नवखा गिअर टाकायला गेला की मिस्त्री ओरडायचा, "थांबा! उठू द्या तिला!" त्यावरून त्याला जे नाव चिकटलं ते कायमचं.

गंमत अशी की एवढा उतावळा माणूस दुसरा शोधून सापडला नसता. कढत चहा घशात ओतायचा, रस्त्यात बायकोला मागे टाकून तरातरा पुढे जायचा, वर वळून ओरडायचा, "अगं आटप!" बायको म्हणायची, "बाहेर थांबा, घरात आटपा. काय नशीब आहे त्या गाडीचं!"

बायको शिवणकाम करायची. गाडीच्या मागच्या सीटचं राखाडी कापड विरलं तेव्हा नवं तिनेच शिवलं, दारातल्या मशीनवर, दुहेरी टीप घालून. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. पण शिवणारी त्या सीटवर कधी बसली नाही. "एक चक्कर मारून आणतो तुला," असं मिस्त्री म्हणायचा आणि त्या चकरेला मुहूर्त काही लागायचा नाही.

पुढे साहेबांची नजर अधू झाली आणि गाडी गॅरेजात पोट टेकून बसली, ती बसलीच. त्यानंतर मिस्त्रीची बायको मोरीत घसरून पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, खुर्चीपेक्षा खाली बसायचं नाही. टॅक्सी बुटकी पडत होती, शेजाऱ्याचा टेम्पो उंच. अँब्युलन्सचं नाव काढताच बायको कडाडली, "आडवी न्यायची तेव्हा न्याल. आत्ता मी बसूनच घरी जाणार."

मिस्त्रीला एकदम ती दांडी आठवली. साहेबांच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी एक दांडी होती. ती सरकवली की गाडी हवी तेवढी वर यायची, अगदी खुर्चीइतकी.

"उद्या तुला साहेबांच्या गाडीतून नेतो," तो बोलून गेला.

"आजवर कुठली चक्कर मारलीत, ती उद्या माराल?" बायको हसून म्हणाली. हसली खरी, पण ते त्याला फार लागलं. हा शब्द तरी फुकट जाऊ द्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

साहेबांनी चाचपडत किल्ली काढून दिली. "मिस्त्री, उठेल असं वाटत नाही मला."

"न उठून जाते कुठे?"

नवी बॅटरी लावल्यावर इंजिन खोकत, धूर ओकत चालू झालं. गाडी मात्र तसूभर हलेना. मिस्त्रीने गाडीला उचलणाऱ्या तेलाच्या टाकीत डोकावून पाहिलं तर हिरव्या तेलाला फेस आलेला. म्हणजे पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. टाकीकडून येणारा रबरी पाइप त्याने वाकवला, तर त्याला भेगाच भेगा. जपून ठेवलेला एक पाइप त्याने शोधून बसवला, क्लिपा आवळल्या आणि पुन्हा गाडी चालू केली.

तरी गाडी जागची हलली नाही.

मिस्त्रीचा संयम सुटला. त्याने पाना फरशीवर आपटला आणि गाडीवर खेकसला, "अगं आटप!"

आणि स्वतःच दचकला. इतक्या वर्षांत हा शब्द त्याने गाडीला कधी ऐकवला नव्हता. तो घरासाठी राखून ठेवलेला होता. ऐकायला तो किती वाईट वाटतो, हे त्याला आज कळलं. बायकोने तो जन्मभर ऐकला होता, वर हसण्यावारी नेला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने दाबाचा स्क्रू सैल करून अडकलेल्या हवेला वाट करून दिली आणि शेजारच्या खोक्यावर बसला. हवा आपल्या सवडीने फुसफुसत राहिली. ती संपल्यावर त्याने स्क्रू आवळला आणि परत बसून राहिला. बऱ्याच वेळाने गाडीचा मागचा भाग उचलला गेला. मग पुढचा.

"उठली?" दारातून साहेबांनी विचारलं.

"उठली, साहेब."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात मिस्त्रीने दांडी सरकवून गाडी वर घेतली आणि मागचं दार उघडून उभा राहिला. वॉकर टेकत, एकेक पाऊल उचलत बायको आली. मागे दोन गाड्या खोळंबल्या होत्या. सोबतचा वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, जरा पटपट चला."

"तिला घाई करू नका," मिस्त्री म्हणाला. "मागचे थांबतील."

बायको मध्येच उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. "ताप-बिप आहे का तुम्हाला?"

"नाही. ये सावकाश."

ती खरोखरच सावकाश आली. न वाकता सीटवर टेकली, पाय आत घेतले आणि आपणच घातलेल्या टिपेवरून हात फिरवला. "अजून उसवली नाही," ती हळूच म्हणाली. मिस्त्रीने गाडी अलगद खाली घेतली. मागे हॉर्न वाजत होते. त्याने आरशात पाहिलं. बायको नीट टेकून बसेपर्यंत तो थांबला आणि मगच गिअर टाकला.

घर डावीकडे होतं. मिस्त्रीने गाडी उजवीकडे वळवली.