टाचणीवहिनीचं छत

खरं सांगा, आयुष्यात इतक्या बसमध्ये बसलात, कधी मान वर करून छताकडे बघितलंय? नाही ना? मीही बघितलं नव्हतं. बसच्या थांब्यासाठी भर रस्त्यात बसकण मारली, साहेबांच्या टेबलावर हात आपटले, पण डोक्यावर काय असतं ते मला टाचणीवहिनीने दाखवलं.

बसदुरुस्तीच्या कारखान्यात ती सीटची कव्हरं शिवायची. तोंडात कायम टाचण्या, म्हणून हे नाव. त्या तोंडात ठेवूनच शिव्या हासडायची आणि एकही टाचणी खाली पडायची नाही. नवरा ड्रायव्हर. धूर आणि धूळ खाऊन खाऊन त्याची छाती गेली. निवृत्त झाल्यापासून धाकट्या भावाच्या घरात, मागच्या खोलीत पडून असायचा. खिडकी उघडली की समोर भिंत. झोपेत त्याचा हात गिअर टाकायचा. ते बघून बघून वहिनीने एक दिवस भंगारवाल्याकडून जुनी, पण इंजिन शाबूत असलेली बस उचलली आणि आमच्या संघटनेच्या आवारात आणून लावली.

"हिचं घर करते," म्हणाली. "चालतं घर. ह्यांना खिडकीतून रोज काहीतरी नवं दिसलं पाहिजे."

सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मोठी नणंद तर कंबर कसूनच आली. भावाला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. "डॉक्टर काय म्हणाले? ओल याच्या छातीची वैरीण आहे. या पत्र्याच्या डब्यात ओल दिसली, तर भाऊ माझ्या घरी आणि डबा परत भंगारात. कबूल?"

"कबूल," वहिनी टाचण्यांमधून म्हणाली.

"माझा लिलाव चाललाय," ड्रायव्हर मला म्हणाला, "आणि मलाच कुणी विचारत नाही."

वहिनीने काम छतापासून धरलं. आतलं जुनं छत उतरवलं तर वर नुसता पत्रा, आणि त्याला बरगड्यांसारख्या लोखंडी कमानी. गंज खरवडला, रंग दिला. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो, त्यामुळे आत काहीतरी भरायला हवं. तिने जन्मभर सीट भरलेल्या. हात आपोआप सीटच्या स्पंजाकडे गेला. कमानींच्या मधे स्पंज ठासला आणि प्लायवूड स्क्रूने थेट कमानींवर आवळलं. असं देखणं झालं की मी टाळ्या वाजवल्या.

पहिल्याच थंडीत दोघं आत झोपली. पहाटे ड्रायव्हरच्या कपाळावर टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. उशी ओली, खोकल्याची उबळ थांबेना. आणि नेमकी तेव्हाच नणंद दारात. तिने उशी चाचपली, वर बघितलं.

"एक संधी देते. रविवारी मी स्वतः इथे झोपणार. एक थेंब पडला तरी याचं सामान बांधायचं."

माझं डोकं सटकलं. भंगारवाल्याने गळकी बस गळ्यात मारली होती! त्याच्या दुकानात जाऊन त्याची अशी काढली की शेजारपाजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला आले. तो गडी थंड. पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून माझ्यामागे आला, टपावर चढला आणि धो धो पाणी सोडलं.

"जा आत, पुढारीणबाई. थेंब सापडला तर मिशी उतरवतो!"

आम्ही आत कोपरान्‌कोपरा बघितला. वरून नवीन थेंब एकही नाही. शाबूत मिशीला पीळ देत तो निघून गेला.

"मग वर काय भूत रडतंय?" मी ओरडले.

वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. हे मी प्रथमच बघत होते. तिने पलंगाच्या बरोबर वरचं, छताचं प्लायवूड उतरवलं, स्पंज पिळला. पाणी. मग पार पुढे, स्टिअरिंगच्या वरचं उतरवलं. तिथला स्पंज कोरडा. परत पलंगापाशी आली. कमानीला खालून बारीक थेंबांची रांग लटकली होती, मणी ओवल्यासारखी. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हे पावसाचं नाही," ती हळूच म्हणाली. "आम्ही झोपलो तिथेच आहे. हे आमचं आहे. रात्रभर सोडलेला श्वास."

वहिनी, ड्रायव्हर आणि मी, तिघं माना वर करून उभे. माणूस नुसता झोपतो आणि त्याच्यातून एवढं पाणी वर जातं? गार लोखंडाला टेकतं आणि थेंब होतं? दोन पायऱ्या चढताना ज्याला दम पुरत नाही, त्याचाही श्वास त्या रांगेत होता. डोळ्यांना दिसत होता. बोटाला लागत होता.

"म्हणजे मीच गळतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"लग्न झाल्यापासून गळताय. धरा ते टोक."

टपाला बाहेरून फासायला आणलेला डांबराचा डबा मी गुपचूप बाजूला सरकवला. आजार रेड्याला, औषध पखालीला!

सगळं छत पुन्हा उतरलं. स्पंज पाणी पितो, म्हणून आता पाणी न पिणारे घट्ट फोमचे तक्ते. पण तक्ता सरळ आणि टप गोल. वाकवला की काडकन मोडायचा. वहिनी मोडका तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिली. एकदम हसली.

"गोल गळ्याला अस्तर लावताना काय करतो? कडेला कट देतो!"

तिने तक्त्याच्या पाठीवर सुरीने ओळीने चिरा दिल्या, आरपार न जातील अशा. वर नेऊन दाबला, तर तक्ता टपाला असा बिलगला, जसं पोर आईला. उरलेल्या फटी फवारल्यावर फुगून कडक होणाऱ्या फेसाने बुजवल्या. उघडं लोखंड दिसलं की श्वास तिथेच जाऊन बसणार, म्हणून प्रत्येक कमानीवर फोमची पट्टी, तिच्यावर लाकडाची पट्टी, आणि प्लायवूडचे स्क्रू फक्त लाकडात. फोम आणि प्लायवूडच्या मधे चंदेरी कागद, जोडांवर टेप. एवढं सगळं हवाबंद करून शेवटी बाईने टपाला चौकोनी भोक पाडलं आणि छोटा पंखा बसवला.

"वहिनी, इतकं बुजवलंत आणि आता भोक?"

"श्वास कोंडायचा नसतो गं. त्याला जायला वाट द्यायची. कोंडला की डोक्यावर पडतो."

पातळ प्लायवूड दांडक्यांनी वर रेटलं, ते कुरकुरत वाकलं. शेवटचा स्क्रू बसला आणि आतला आवाजच बदलला. आधी नुसतं खोकलं तरी पत्रा बोंबलायचा. आता बोलणं गोधडीत शिरल्यासारखं मऊ झालं. सभेत मला माइक लागत नाही, पण तिथे मी कुजबुजायला लागले.

रविवारी नणंद स्वतःचं अंथरूण घेऊन आली आणि झोपली. कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी मी पोचले तेव्हा ती पलंगावर उभी राहून छतावर तळवे फिरवत होती. कोपरे, जोड, पंख्याची कड. तळवा गालाला लावून बघितला. परत फिरवला. तिच्या पायाशी भाऊ गाढ झोपलेला, खोकल्याशिवाय. वहिनी शेगडीपाशी पुतळा झाली होती.

"छत बरं आहे," नणंद म्हणाली. "पडदे मात्र भिकार."

"ताई, पडदे तुम्हीच निवडा," वहिनी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

नणंद खाली उतरली, तिला कुशीत घेतलं. "रडू नको गं बाई. ओल होते."

आवाजाने ड्रायव्हर जागा झाला. छताकडे बघितलं, दोघींकडे बघितलं. "किल्ली कुठाय?"

आता ती दोघं वाटेवर आहेत. तो सावकाश चालवतो, थकला की जिथे असेल तिथे थांबतो. उद्या ती बस तुमच्या गल्लीत, तुमच्याच फाटकासमोर उभी दिसेल. तुमच्या मनात पहिलं काय येईल ते मला पाठ आहे: कोण हे उपटसुंभ, हाकला. मी तिथे असते तर भांडले असते. तिथे नाही, म्हणून मागते, आणि मागणं मला मुळीच जमत नाही. टपावरचा पंखा फिरताना दिसला, तर कृपा करून काच ठोठावू नका. आत एक माणूस श्वास घेतोय. सकाळपर्यंत त्याला झोपू द्या.