बिनलेबलाची कॅसेट

माझं लग्न झालं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. नवरा रेल्वेत गार्ड, वय अठ्ठेचाळीस. पहिल्या बायकोपासूनचा त्यांचा मुलगा तेवीसचा, झालाना भागातल्या एका ऑफिसात कारकून. तिकडे हिंदी मुलखातल्या शहरात, स्टेशनजवळच्या बनी पार्क वस्तीत, दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मला आई म्हणणं त्याला जमेना, म्हणून तो मावशी म्हणायचा.

नवरा ड्यूटीवर दोन-दोन दिवस बाहेर. भुसावळहून आलेल्या मला शेजारणींची हिंदी नीट कळायची नाही. संध्याकाळी मुलगा आला की घरात मराठी सुरू व्हायची, तीही निम्मी हिंदीच. "मावशी, मतलब, आज साहेब खुर्चीतच झोपले!" जेवणानंतर तो ताटं घासायचा, मी पुसून ठेवायचे. त्या घरात मी हसले असेन तर तेवढ्या वेळात.

एका दुपारी मुलगा ऑफिसात असताना नवऱ्याने मित्रांसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. मला शेजारी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवर गेले, मशीन संध्याकाळी परत जायचं होतं. टीव्हीमागे एक बिनलेबलाची कॅसेट सापडली. एखादा हिंदी सिनेमा असेल म्हणून दुपारी लावली.

सिनेमा परदेशी होता. भाषा कळली नाही, पण गोष्ट कळली. म्हातारा नवरा, त्याची दुसरी बायको, आणि तिचा मोठा, कमावता सावत्र मुलगा. कितीतरी वेळ काहीच घडत नव्हतं. तो बशा धुतो, ती पुसते. तो काहीतरी बोलतो, ती हसते. मग ती खिडकीतून त्याची वाट बघते. मला वाटलं, किती साधा सिनेमा आहे. मग त्याने तिच्या ओल्या हातावर हात ठेवला आणि तिने तो काढला नाही. तेव्हा कुठे मला कळलं, ही कॅसेट कसली आहे ते. मी मशीन बंद केलं. उघडंवाघडं मी काही पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते आमचं स्वयंपाकघर.

त्या संध्याकाळी जेवून तो नेहमीसारखा ताट घेऊन उठला.

"ठेव ते," मी ओरडले. "मी घासेन."

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. बाहेर बस."

मग मी त्याला वाढून आतल्या खोलीत जायला लागले. डोक्यावर पदर घ्यायला लागले. खिडकीशी उभं राहणं सोडलं, कारण मीही त्याची वाट बघायचे हे मला आता ठाऊक झालं होतं. त्यात पाप होतं का? तेव्हा नव्हतं. नंतर मला खात्रीने सांगता येईना.

नवऱ्याला मी इतकंच विचारलं, "ती कॅसेट कुणाची?"

त्यांचा चेहरा उतरला. "तू बघितलीस?"

"सुरुवात."

ते म्हणाले, "मित्र हसत होते. म्हणाले, तुझ्या घरातलीच गोष्ट आहे."

त्यानंतर ड्यूटीवरून आले की ते आधी आम्हा दोघांचे चेहरे बघायचे.

महिनाभराने मुलाने विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

खरं कारण सांगायचं तर त्या कॅसेटचं नाव त्याच्यासमोर काढावं लागलं असतं. मी म्हणाले, "जागा अपुरी पडते रे."

तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुर्गापुऱ्यात खोली घेऊन राहू लागला. दिवाळीला यायचा, बाहेरच्या खोलीत बसून जायचा.

चार वर्षांनी नवरा वारला. मुलाने सगळे विधी केले. रोजचं येणं-जाणं लांब पडतं म्हणून तेरा दिवस तो स्टेशनजवळच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरला होता, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. शेवटच्या दिवशी मी म्हणाले, "घरी राहिला असतास."

"नको," तो म्हणाला. "तुम्हाला जागा अपुरी पडेल."

मला तो पहिल्यांदाच तुम्ही म्हणाला होता. मी दारात उभी राहिले, आणि खरं काय ते तेव्हाही सांगितलं नाही.