शुद्धलेखनाची वही

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहू का, असं तिला जाऊन विचारायला मला तोंड नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत मला लागून चौथं वर्ष. तिसरीचा वर्ग, पटावर अडुसष्ट मुलं, एका बाकावर तिघं. जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी ऑफिसात बोलावून सांगितलं, "अपंग मुलांना साध्या शाळेत घ्या म्हणून सरकारी पत्र आलंय. एक बहिरी मुलगी तुमच्या वर्गात देतेय."

"बाई, मला त्याचं ट्रेनिंग नाही."

"इथे कोणाला आहे? बसू दे बिचारी."

दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. शेजारच्या आगरी गावातली बाई. नवरा केमिकलच्या कारखान्यात, ती स्वतः स्टेशनजवळ भाजी विकायची. मुलीच्या छातीवर कापडी पिशवीत एक यंत्र होतं, त्यातून निघालेली वायर कानातल्या गोळीत गेलेली. आई म्हणाली, "बाय, पोर हुशार हाय. मशीन लावला का तिला ऐकाला येतं. निस्तं तिच्याकरं तोंड करून बोला."

शाळाशाळांतल्या अपंग मुलांना बघायला ठाण्याहून महिन्यातून एकदा एक फिरत्या शिक्षिका येणार होत्या. त्यांनीही तेच सांगितलं. पहिल्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, बोललेलं जमेल तितकं लिहून द्या. मी मान डोलावली. पहिले पंधरा-वीस दिवस मी ते पाळलंही. मुलगी खरंच हुशार होती. अक्षर इतकं नेटकं, की तिची वही मी वर्गात फिरवली होती.

मग शिट्टी सुरू झाली. कानातली गोळी सैल झाली की यंत्र बारीक शिट्टी मारायचं. ती तिला ऐकू जात नसे, पण आम्हा सगळ्यांना जाई. मागच्या बाकांवरची मुलं तशीच शिट्टी काढायला लागली. एकदा मी पाढे घेत असताना तिघा-चौघांनी मिळून काढली आणि मला हसू आलं. बाई हसल्या म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. तीही हसली, कशाला ते न कळता.

आठवडाभरात मी वैतागले. तिच्याजवळ जाऊन पिशवीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "बंद कर हे. माझ्या तासाला बंद ठेवायचं."

तिने बटण फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरताच मला दाखवून दाखवून फिरवलं. शहाण्यासारखी वागत होती ती. माझे सगळेच तास त्या वर्गावर होते, म्हणजे दिवसभर ते यंत्र तिच्या छातीवर नुसतं ओझं होतं. गोळी सैल झालीय, नवीन करून आणा, असं तिच्या आईला सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. वर्ग शांत झाला होता, मला तेवढं पुरे होतं.

तरीही तिचं शुद्धलेखन बरोबर येत राहिलं. मला ते खटकलं. यंत्र बंद, मग ही लिहिते कशी? एका शनिवारी नीट पाहिलं, तर ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. मी शब्द उच्चारला की खाली मान घालून लिहायची, पुन्हा वर बघायची. मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, ही मला फसवतेय.

"ही कॉपी आहे," मी वर्गाला म्हटलं. "बाकीचे कानांनी ऐकून लिहितात, ही तोंड बघून लिहिते. चालेल का?"

"नाही!" सदुसष्ट मुलं ओरडली.

त्या दिवसापासून शुद्धलेखन घालताना मी पुस्तक तोंडापुढे धरायला लागले. ती मान तिरपी करायची, बाकावरून अर्धवट उठून पुस्तकाच्या खालून बघायचा प्रयत्न करायची. मी पुस्तक आणखी खाली घ्यायचे. मुलांना त्यात मजा वाटायची. मलाही वाटत होती, आज ते नाकारण्यात अर्थ नाही. थोड्या दिवसांनी तिने वर बघायचं सोडलं. शेजारणीच्या वहीत बघून लिहायला लागली. त्याबद्दल मी तिला बाकावर उभं केलं.

सहामाहीत ती सगळ्या विषयांत नापास झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी अहवाल मागितला. मी लिहिलं, 'आकलनशक्ती फार कमी. सामान्य वर्गात शिकू शकणार नाही. मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवावे.' माझं अक्षरही नेटकं होतं.

आई सहीसाठी आली. कागद उलटसुलट करून म्हणाली, "बाय, ह्यात काय लिवलंय?"

"तिच्यासाठी ठाण्याला वेगळी शाळा आहे. तिथे तिच्यासारखीच मुलं असतात."

"तिथं शिकंल ना?"

"हो, चांगली शिकेल."

आईने सावकाश, अक्षर अक्षर जोडत सही केली आणि अहवालाची एक प्रत घडी करून कनवटीला लावली. मुलगी दारात उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फिरत्या शिक्षिका आल्या. मधले दोन महिने त्या आजारी होत्या, म्हणून फिरकल्या नव्हत्या. मुलगी दिसेना म्हणून त्यांनी विचारलं आणि मी अहवालाचं सांगितलं. त्यांनी तिची वही मागितली. ती माझ्या कपाटातच पडली होती. त्या उभ्या उभ्या पानं उलटत गेल्या आणि एका पानावर थांबल्या.

"इथपर्यंत एकही चूक नाही. इथून पुढे एकही शब्द बरोबर नाही. या शनिवारी काय झालं?"

मी कपाटाचं दार लावायला वळले.

"बाई, मी विचारतेय, काय झालं?"

मी सांगितलं. यंत्राचं, पुस्तकाचं, सगळं. त्या मला रागावतील असं वाटलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "बहिरी मुलं तसंच ऐकतात. तुम्ही तिचे कान बंद केलेत, आणि वर ती मतिमंद आहे असं लिहून दिलंत." मग वही पिशवीत घालून निघून गेल्या.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, कागद वर गेलाय, आता बदलला तर शाळेची नाचक्की. मी त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या भाजीबाजारात गेले. मायलेकी शेजारी बसल्या होत्या. मुलगी मेथीच्या जुड्या बांधत होती. छातीवर पिशवी नव्हती.

"ठाण्याच्या शाळेत नाही जात?" मी विचारलं.

"चार दिस गेली. तिथं एक पोर हिला चावला. मंग नाय धाडली."

"उद्यापासून आमच्या शाळेत पाठवा. माझ्याच वर्गात. माझी चूक झाली."

तिच्या आईने हातातला तराजू खाली ठेवला. "तुमीच बोललाव ना, हिला डोकं नाय म्हनून? बापानं त्यो कागद वाचून घेतला कारखान्यात कोनाकरून तरी. आख्ख्या खात्यात कललं."

मी मुलीपुढे उकिडवी बसले. तिने मला ओळखलं आणि पटकन हात छातीकडे नेला, बटण बंद करायला. तिथे काही नव्हतं. हात खाली घेऊन तिने पुढची जुडी उचलली. गिऱ्हाइकं आली, तिच्या आईने मला बाजूला व्हायला सांगितलं.

ती शाळेत परत आली नाही. मी आणखी दोनदा गेले, मग जायचं सोडलं.

दोन वर्षांनी अपंग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचं शिबिर ठाण्याला भरलं. आमच्या शाळेतून मला पाठवलं, कारण अनुभव असलेली मी एकटीच. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या वर्गात एक बहिरी मुलगी होती, तिचं अक्षर फार सुंदर होतं. पुढे काय झालं, असं कोणीतरी विचारलं. "वडिलांची बदली झाली," मी म्हटलं. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले.