बाजाराची यादी की गाणं

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दीडेक वर्षापूर्वी आमच्या प्राचार्यांनी एक अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला. कुणाकडे हस्तलिखितांचा संग्रह असेल तर तो नीट लावून, त्याची सूची करून जपण्यासाठी अनुदान मिळणार होतं. आपल्याकडे असं काही आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी विचार न करता 'आहे' म्हणून मोकळी झाले. कॉलेजात तसं काहीच नव्हतं. जे होतं ते आसेगावला, माझ्या मामीच्या पत्र्याच्या पेटीत होतं.

माझे मामा गवंडीकाम करायचे आणि गायन पार्टी चालवायचे. जयंती, लग्न, नामकरण, गृहप्रवेश, कुठंही बोलावणं आलं की पार्टी निघायची. गाणी मामा स्वतः लिहीत. शाळेच्या वह्यांत, बियाण्यांच्या कॅलेंडरांच्या पाठीवर, एक गाणं तर सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर. मामा जाऊन सहा वर्षं झाली होती. मामीनं सगळं पेटीत ठेवलं होतं, त्यात डांबरगोळ्या टाकल्या होत्या, आणि पेटीवर तिची शिवणाची मिशीन.

अर्जातला पहिला प्रश्न संग्रह किती आहे असा होता, आणि उत्तर फुटांत हवं होतं. म्हणजे वह्या फळीवर उभ्या लावल्या तर किती जागा घेतील. पुढच्या रविवारी मी आसेगावला गेले. मामीला सांगितलं तेव्हा तिनं वह्या वाचतात की मोजतात असं विचारलं, पण मिशीनच्या खणातून टेप काढून दिला. आम्ही एकाहत्तर वह्या भिंतीला लावून ओळीत उभ्या केल्या. चार फूट तीन इंच भरलं. मामी म्हणाली, पाच लिहून दे, वरचे लोक कापतातच.

पुढचा प्रश्न कीटकांचा होता. कागदाला कसर, वाळवी, झुरळ यांचा त्रास किती आहे: कमी, मध्यम की तीव्र. फोनवर प्राचार्यांनी 'तीव्र' लिहा म्हटलं, म्हणजे निकड दिसते. हे मामीनं ऐकलं. तिनं वह्या उचलून परत पेटीत ठेवायला सुरुवात केली.

"माह्या घरात किडे हायेत असं कागदावर लिवलं तं एक वही नाही भेटत तुले."

मी 'कीटक आढळले नाहीत' असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मग वह्या पुन्हा बाहेर आल्या.

खरी पंचाईत वेळेच्या अंदाजाची होती. एक वही तपासून तिची सूची करायला किती वेळ लागेल ते अर्जात द्यायचं होतं. त्यासाठी थोडं काम करून बघणं भाग होतं. मामांच्या पार्टीतले दोघं अजून गावात होते, एक ढोलकीवाले काका आणि एक पेटीवाले काका, म्हणजे हार्मोनियमवाले. अक्षर मामांचं, त्यांच्या सवयीचं, म्हणून मी त्यांना मदतीला बोलावलं. त्यांनी प्रत्येक गाण्याची पहिली ओळ वाचायची आणि मी लिहून घ्यायची, एवढंच काम.

ढोलकीवाल्या काकांनी पहिली ओळ वाचली. मग दुसरी म्हटली. मग सगळं गाणं झालं, आणि शेवटचं ध्रुवपद दोघांनी मिळून दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा सूर वर गेला होता. मी म्हटलं, काका, फक्त पहिली ओळ. त्यांनी मान डोलावली आणि दुसरं गाणं पूर्ण म्हटलं. दुपारपर्यंत अकरा गाणी झाली. शेजारच्या बाया येऊन बसल्या. मामीनं दोनदा चहा केला.

पुढच्या खेपेला मी ढोलकी घरी ठेवून यायला सांगितलं. काकांनी पेटीच्या पत्र्यावर बोटं चालवली. मग मी गायचं नाही, नुसतं वाचायचं, असा नियम केला. ते बिचारे खरंच प्रयत्न करत होते. घाम आला त्यांना. अखेर पेटीवाले काका म्हणाले, "पह्यली ओय वाचली का दुसरी आपोआप गयात येते, बाई. तिले कुठं नेऊन ठेवू?"

त्या वेगानं हिशेब केला तर काम संपायला साडेचार वर्षं लागत होती, आणि अर्जात मुदत होती दोन वर्षांची. घरी येताना बसमध्ये मला सुचलं की गाणं थांबत नसेल तर गाणंही अर्जातच घालावं. मी 'ध्वनिमुद्रण' असा वेगळा भाग केला. सूची मी करायची, काकांनी गायचं, आणि दोन्ही कामं एकाच वेळी चालायची. दोघांना हे एकदम पटलं.

अर्जापुरत्या बाकीच्या वह्या मी नुसत्या चाळायला घेतल्या. अडतिसाव्या वहीपर्यंत सगळं सुरळीत होतं. त्यापुढच्या वह्यांत गाणीच दिसेनात. कांदे, वांगे, मिरच्या, आलू, पानामागून पान. एका पानावर लिहिलं होतं, 'कांद्यानं वांगं सोडलं, आलू मांगं राह्यले'. मी मामीला विचारलं. ती म्हणाली, ह्या तर बाजाराच्या याद्या, मी सांगायची अन् ते लिहून घ्यायचे. मी म्हटलं, बाजाराच्या यादीत कांदा वांग्याला सोडून कसा जाईल? मामी म्हणाली, मले काय माहीत, त्याहिचं डोकं तसंच होतं.

ढोलकीवाल्या काकांनी उलगडा केला. मानोऱ्याकडे एक दुसरी पार्टी होती आणि तिचे शाहीर आपली गाणी चोरतात, असा मामांचा पक्का समज होता. म्हणून त्यांनी गुप्त लिपी काढली. काही शब्दांच्या जागी भाजीची नावं. कांदा म्हणजे माय आणि वांगं म्हणजे गाव, एवढं काकांना आठवत होतं. बाकीचं मामांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. शिवाय त्याच वह्यांत खऱ्या याद्याही होत्या. कुठलं पान गाणं आणि कुठलं पान बाजार, हे कळायला मार्ग नव्हता, आणि वर्गीकरणाचा रकाना माझ्यासमोर कोरा पडला होता.

तेव्हा पेटीवाले काका आपल्या पायांकडे बघत म्हणाले की मानोऱ्याच्या शाहिरांना सगळी लिपी येते. ते कसं काय, असं मामीनं विचारलं. काकांनी सांगितलं की शाहीर त्यांचे साडू लागतात, आणि बोलता बोलता कधीतरी आपल्या तोंडून निघालं असेल. मग थोड्या वेळानं म्हणाले, एकदोन पानंही उतरवून दिली होती. ढोलकीवाले काका उठून बाहेर जाऊन बसले. पाचेक मिनिटांनी परत आले, कारण आत गाणं सुरू झालं होतं.

शाहिरांना बोलावणं गेलं. ते आले ते पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी, ऐंशीच्या घरातले. दारातच जयभीम घातला आणि मामीला म्हणाले, वयनी, चोरी केली तं केली, आता नाही म्हणून काय फायदा. मामीनं त्यांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा लावून घडाघडा वाचायला सुरुवात केली. मिरची म्हणजे लढा, आलू म्हणजे लेकरं. मी लिहीत सुटले. दोन तासांत चार वह्यांचं काम झालं. माझ्या अर्जासाठी ह्याहून चांगला तज्ज्ञ मिळणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी एक पान हातात घेतलं आणि ते थांबले. हेच ते, म्हणाले. त्यांच्या पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं ह्याच पानावरून घेतलेलं होतं. गावोगावी लोक त्या गाण्याला रडायचे. त्यांनी ते म्हणून दाखवलं: लढा अर्धाच राहिला, माया दोन, अन् गाव नाही. दोन माया म्हणजे एक जन्म देणारी आणि एक माती, असं ते कार्यक्रमात समजावून सांगत. पेटीवाल्या काकांनी डोळे पुसले.

मामीनं पान मागून घेतलं, लांब धरून पाहिलं.

"हे गाणं नाही, भाऊ. ही यादी हाय. मिरच्या अर्धा किलो, कांदे दोन किलो, वांगे नाही."

शाहीर म्हणाले, "वांगे नाही म्हंजे?"

"नोका आनू म्हटलं. वांग्यानं त्याहिले खाज सुटे."

शाहिरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला हसू येत होतं आणि म्हाताऱ्या माणसासमोर हसायचं कसं म्हणून मी टेप गुंडाळत बसले. शेवटी तेच पहिल्यांदा हसले, ठसका लागेपर्यंत, आणि मामीनं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले की मग ह्या गाण्याच्या कवयित्री वयनीच आहेत, आणि तसं लिहायला पाहिजे.

मामीनं ते गंमत म्हणून सोडून दिलं नाही. अर्जात 'संग्रहाचे कर्ते' असा रकाना होता. त्यात मामांचं नाव होतं. तिनं बोट ठेवून सांगितलं की इथं माझंही टाक. मी टाकलं.

अर्ज गेला. दोन महिन्यांनी पत्र आलं, एकच शंका विचारणारं: दुसऱ्या कर्त्यांचं योगदान स्पष्ट करावं. प्राचार्यांनी मला बोलावून हे काय आहे असं विचारलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, ती त्यांनी टेबलावर कपाळ टेकून ऐकली. उत्तरात मी लिहिलं की एका रचनेचा मूळ मजकूर त्यांनी तोंडी सांगितला होता, आणि तो रचना आहे हे त्यांना नंतर कळलं. अनुदान मंजूर झालं. मुदत दोन वर्षांची मागितली होती, दीड दिली.

आता काम चालू आहे. महिन्यातून दोनदा तिघं म्हातारे कॉलेजात येतात. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत ध्वनिमुद्रण चालतं आणि वाचायला आलेली पोरं पुस्तकं मिटून ऐकत बसतात. मामीही येते, वह्या नीट हाताळतात की नाही ते बघायला. भाजीच्या वह्यांतली चौदा पानं अशी आहेत की ज्यांचं अजून ठरत नाही. शाहीर म्हणतात गाणं, ढोलकीवाले काका म्हणतात बाजार. मामीला विचारलं की ती म्हणते, दोन्ही लिव.